कुंपण, बांध आणि जागल: छोट्या ऑफिसच्या नेटवर्कची राखण

(भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग खास आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या त्या माणसांसाठी, ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्यांची कागदपत्रं आणि दुसऱ्यांचे पैसे असतात. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारे, पतसंस्थेतले क्लार्क, आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवणारे सर-मॅडम, तालुक्याच्या गावातले लॅबवाले आणि डॉक्टर. तुमच्याकडे चार-पाच कॉम्प्युटर असतील, एक प्रिंटर, भिंतीवर कॅमेरे आणि कोपऱ्यात लुकलुकणारा एक डबा. एवढंच असलं तरी ते नेटवर्क आहे, आणि त्याची राखण तुमच्याकडे आहे.

फेब्रुवारी २०२५ मधली चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची बातमी तुम्हाला आठवत असेल. ग्राहकांनी आरटीजीएसने पैसे पाठवले, त्यांच्या खात्यातून ते वजा झाले, पण ज्याला पाठवले त्याला पोचलेच नाहीत. भलत्याच खात्यांत गेले. रक्कम साडेतीन कोटींच्या वर. ही काही मुंबईच्या काचेच्या इमारतीतली बँक नाही. आपल्या सोसायट्यांची, आपल्या शेतकऱ्यांची बँक आहे. त्या बातमीनंतर मला अनेकांनी एकच प्रश्न विचारला: एवढ्या मोठ्या बँकेचं असं होतं, तर आमच्यासारख्यांनी कोणतं मशीन घ्यावं?

तर आज त्याचंच उत्तर. आधीच सांगतो, असं एक मशीन नाही. नेटवर्कची सुरक्षा म्हणजे कोण कोणाशी बोलू शकतो हे आपण ठरवणं. आपण ठरवलं नाही, तर जो आत शिरेल तो ठरवतो. बाजारात मिळणारं प्रत्येक उपकरण या ठरवण्यातला एकेक भाग सांभाळतं. कुठलं काय सांभाळतं आणि कुठे थकतं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आपण बाहेरून आत येऊ. वायर जिथून घरात शिरते तिथून सुरुवात.

पहिला डबा राउटर. फायबर असेल तर आधी प्रकाशाचा सिग्नल बदलणारा डबा असतो, बहुतेक वेळा दोन्ही एकाच डब्यात असतात. राउटरचं काम बाहेरचं जग आणि आपलं ऑफिस यांच्यात टपाल इकडून तिकडे नेणं. आत प्रत्येक कॉम्प्युटरला एक खाजगी पत्ता मिळतो, साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा. बाहेर मात्र सगळ्या ऑफिसचा एकच पत्ता दिसतो. या पत्ताबदलाला नॅट म्हणतात. त्यामुळे बाहेरच्या कुणाला थेट तुमच्या तिसऱ्या काउंटरच्या कॉम्प्युटरचं दार ठोठावता येत नाही. हा फायदा आहे खरा, पण नॅट हा पहारेकरी नाही. तो फक्त आड येतो. आतून कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं तर नॅट काहीही बोलत नाही, उलट आलेलं उत्तर इमानदारीने आणून देतो.

आणि हा डबा स्वतःच किती असुरक्षित असतो! लावणारा माणूस येतो, नेट सुरू करतो, निघून जातो. डब्याचा पासवर्ड कंपनीने दिलेला, 'ॲडमिन' आणि 'ॲडमिन', तसाच राहतो. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचंही तेच. याने काय होतं? २०१६ मध्ये मिराई नावाचा एक कार्यक्रम इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याकडे कंपन्यांनी दिलेल्या ठरावीक पासवर्डांची एक छोटीशी यादी होती. ती यादी घेऊन तो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर यांची दारं उघडत गेला. मग त्या डब्यांकडून एकाच वेळी मारा करून २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन नावाच्या कंपनीची सेवा त्याने कोलमडवली. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेक ठिकाणी बंद पडल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. म्हणून 'माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे' हा प्रश्न चुकीचा आहे. तुमचा डबा हेच चोरण्यासारखं आहे.

राउटरमध्ये चार गोष्टी आजच करा. पासवर्ड बदला. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करा. बटण दाबून वायफाय जोडायची डब्ल्यूपीएस सोय आणि आपोआप दारं उघडणारी यूपीएनपी सोय, दोन्ही बंद करा. आणि त्याचं अंतर्गत सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, ते अद्ययावत करा. खर्च शून्य.

आता फायरवॉल. हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, आणि सगळ्यांना वाटतं ती भिंत आहे. ती भिंत नाही, ते फाटक आहे. फाटकावर एक माणूस बसलाय आणि त्याच्या हातात नियमांची यादी आहे. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या पाकिटावर, म्हणजे पॅकेटवर, तो चार गोष्टी वाचतो: कुठून आलं, कुठे चाललं, कोणत्या पद्धतीने, आणि कोणत्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या खिडक्या. सुरक्षित वेबसाइटची खिडकी ४४३. नावावरून पत्ता विचारायची खिडकी ५३. विंडोजमध्ये फाइल देवाणघेवाणीची ४४५. दुरून स्क्रीन चालवायची, रिमोट डेस्कटॉपची, ३३८९.

जुन्या प्रकारची फायरवॉल प्रत्येक पाकीट सुटं बघायची. नंतरची फायरवॉल संभाषण लक्षात ठेवते: हे पाकीट आपल्याच माणसाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे, येऊ द्या, हे न बोलावता आलंय, परत पाठवा. आणखी पुढची पाकिटाच्या आत काय आहे, कोणतं ॲप बोलतंय, हेही तपासते. पण कोणतीही असली, तरी तिची ताकद शेवटच्या नियमात असते. वर जे जे लागतं ते लिहायचं, आणि शेवटी लिहायचं: बाकी सगळं बंद. बरेच लोक उलटं करतात. सगळं उघडं ठेवतात आणि वाईट आठवेल ते बंद करत जातात. रानडुक्कर कुठून येईल याची यादी करत कुणी कुंपण घालत नाही. आधी सगळीकडून कुंपण, मग आपल्याला लागेल तिथे फाटक.

फायरवॉलसाठी महागडा डबाच लागतो असं नाही. विंडोजमध्ये फायरवॉल आधीपासून आहे, फक्त कुणी बंद केलेली नाही ना ते बघा. थोडी हौस असेल तर जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन नेटवर्क कार्डं टाकून पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे मोफत सॉफ्टवेअर चढवता येतं. पतसंस्थेसारख्या जागी तयार यंत्र घ्या, पण ते लावून देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: याचे नियम कोण लिहिणार आणि दर सहा महिन्यांनी कोण वाचणार? याचं उत्तर नसेल तर तुम्ही दिवे लागणारा डबा विकत घेताय.

आता आपल्याकडचा एक नेहमीचा प्रकार. हिशेब टॅलीत आहे, कॉम्प्युटर वरोऱ्यात किंवा आरमोरीत आहे, आणि हिशेब तपासणारे साहेब नागपूरला बसतात. मग कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ ची खिडकी थेट बाहेर उघडून देतं. साहेब घरून काम करतात, सगळे खूश. पण ती खिडकी फक्त साहेबांना दिसत नाही, सगळ्या जगाला दिसते. इंटरनेटवर दिवसरात्र पत्ते चाचपणारे कार्यक्रम फिरत असतात. उघडी खिडकी दिसली की पासवर्ड टाकून बघत राहतात. दमत नाहीत, झोपत नाहीत. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, ज्यांना रॅन्समवेअर म्हणतात, ते आत शिरतात त्या मोठ्या वाटांपैकी ही एक.

यावर उपाय व्हीपीएन. व्हीपीएन म्हणजे साहेबांच्या लॅपटॉपपासून तुमच्या ऑफिसपर्यंत घातलेली एक बंद नळी. आतला मजकूर सांकेतिक असतो, वाटेत कुणी बघितला तरी कळत नाही. आणि नळीच्या तोंडाशी किल्ली असल्याशिवाय आत येता येत नाही. वायरगार्ड, ओपनव्हीपीएन, आयपीसेक ही त्याची प्रचलित रूपं. पहिली दोन मोफत आहेत. पण याचीही मर्यादा समजून घ्या. ज्याच्या हाती किल्ली, तो आत. म्हणून किल्लीसोबत दुसरी खूण हवी, मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा. आणि आत आल्यावर साहेबांना हिशेबाचा कॉम्प्युटर दिसावा, अख्खं ऑफिस नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण खरं नुकसान इथेच होतं.

आतापर्यंत आपण फाटकाशी होतो. आता आत या. आत स्विच असतो, वायरी जोडायची पट्टी. साधा स्विच काय करतो? सगळ्यांना सगळ्यांशी बोलू देतो. काउंटरचा कॉम्प्युटर प्रिंटरशी, प्रिंटर कॅमेऱ्याशी, कॅमेरा हिशेबाच्या मशीनशी. सोयीचं वाटतं. आणि जो एक मशीन पकडतो त्यालाही तेवढंच सोयीचं वाटतं.

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअर घुसलं. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद. कितीतरी दिवस केस पेपर हाताने लिहिले गेले, नोंदणी हाताने, अहवाल हाताने. नंतर सरकारने संसदेत कारण सांगितलं: नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती. देशातलं सगळ्यात नामांकित रुग्णालय, आणि आत सगळं एकच मोकळं मैदान.

आता तुम्ही सिंदेवाहीचे असा की ब्रह्मपुरीचे, धानाचं शेत बघितलेलं आहेच. ते एक सलग शेत नसतं. बांध्या असतात. प्रत्येक बांधीला चारी बाजूंनी बांध. एका बांधीतलं पाणी दुसरीत जायचं तर बांध फोडावा लागतो, आणि तो कुठे फोडायचा हे शेतकरी ठरवतो. नेटवर्कमध्ये याला व्हीलॅन म्हणतात. स्विच एकच, वायरी त्याच, पण स्विचला सांगायचं की हे चार कॉम्प्युटर एका बांधीत, कॅमेरे दुसऱ्या, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्या. एका बांधीतून दुसरीत जायचं असेल तर पाकीट फायरवॉलकडून जाईल, आणि तिथे पुन्हा तीच यादी, तोच शेवटचा नियम. कॅमेऱ्याने हिशेबाच्या मशीनशी बोलायचं काही कारण आहे का? नाही. मग बंद.

यासाठी साधा स्विच चालत नाही, मॅनेज्ड किंवा स्मार्ट म्हणून मिळणारा लागतो. तो घेणं जमत नसेल तर गरिबाचा उपाय सांगतो. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क ही सोय असते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल, तुमचे स्वतःचे मोबाइल आणि टीव्ही त्यावर टाका, आणि गेस्टमधून आतलं काही दिसणार नाही ही खूण चालू ठेवा. पहिला बांध झाला.

वायफायचा विषय निघालाच आहे. वायफाय ही अशी वायर आहे जी रस्त्यापर्यंत लोंबकळत असते. तिच्यावरचं कुलूप कोणत्या पिढीचं आहे ते बघा. डब्ल्यूईपी नावाचं पहिलं कुलूप २००१ मध्येच फोडता येतं हे सिद्ध झालं. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-दोन, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-तीन आलं. शेवटच्या दोनपैकीच एक हवं. आणि ऑफिसचा वायफाय पासवर्ड काउंटरच्या काचेवर चिकटवलेला असतो ना, तो आजच काढा. लोकांना नेट द्यायचं तर गेस्टचा द्या.

कुंपण झालं, बांध झाले. पण धान पिकायला आलं की आपल्याकडे माणूस मचाणावर बसतो. जागल करतो. कुंपण आहे म्हणून कुणी घरी जाऊन झोपत नाही. नेटवर्कमधल्या जागलीला घुसखोरी ओळखणारी यंत्रणा म्हणतात, आयडीएस. ती वाटेत उभी राहत नाही, बाजूने येणारी-जाणारी पाकिटं बघते आणि संशय आला की ओरडते. तिचाच पुढचा प्रकार आयपीएस, तो वाटेतच उभा राहतो आणि संशयित पाकीट अडवतो. १९९८ मध्ये मार्टिन रोश यांनी स्नॉर्ट नावाची अशी यंत्रणा लिहिली. ती आजही वापरात आहे, आणि सुरिकाटा ही तशीच दुसरी. दोन्ही मोफत.

ही यंत्रणा दोन तऱ्हेने ओळखते. एक म्हणजे पायाच्या ठशावरून: या हल्ल्याचा ठसा असा, तो दिसला की ओरड. दुसरी सवयीवरून: हे मशीन रोज सहा वाजता झोपतं, आज रात्री दोन वाजता बाहेर भरभरून डेटा का पाठवतंय? पहिली पद्धत नवा ठसा ओळखत नाही. दुसरी खोट्या हाका फार मारते. म्हणून ऐकणारा माणूस लागतोच.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण यासाठी सांगतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांच्या आत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. मग १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण ९४ कोटींच्या वर. घडलं काय होतं? एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणारी जी मधली व्यवस्था असते, तिचीच नक्कल हल्लेखोरांनी आत उभी केली होती. एटीएमने विचारलं, या कार्डावर पैसे देऊ का? खऱ्या प्रणालीपर्यंत प्रश्न गेलाच नाही. नकली व्यवस्थेनेच परस्पर 'द्या' म्हटलं. फाटक तुटलेलं दिसत नव्हतं. चोर आधीच आत होता आणि मालकाच्या आवाजात बोलत होता. अशा वेळी फाटकावरची यादी उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती नजर: एरवीपेक्षा वेगळं काय चाललंय? पुढे तपास झाला, एटीएमवर जाऊन पैसे काढणारी माणसं पकडली गेली, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. ते पकडले गेले कारण नोंदी शिल्लक होत्या आणि एटीएमच्या कॅमेऱ्यांत चेहरे होते.

नोंदी, म्हणजे लॉग. छोट्या ऑफिसला स्नॉर्ट बसवणं जमणार नाही, पण लॉग ठेवणं जमतं. राउटर, फायरवॉल, सर्व्हर सगळे स्वतःची रोजनिशी लिहितात. बहुतेक ठिकाणी ती दोन-चार दिवसांत पुसली जाते. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने निर्देश काढले. त्यांत तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं. लॉग १८० दिवस जपायचे. आणि सगळ्या मशीनची घड्याळं ठरावीक सरकारी घड्याळाशी जुळवून ठेवायची. घड्याळाचं महत्त्व लोकांना कळत नाही. राउटर म्हणतो ही गोष्ट दहा वाजता घडली, कॅमेरा म्हणतो दहा वीसला, कॉम्प्युटर म्हणतो काल. पोलिसांनी कोणाचं ऐकायचं? डीव्हीआरचं घड्याळ आज घरी जाण्याआधी बघा.

आता शेवटचा बांध, खुद्द कॉम्प्युटर. अँटिव्हायरस आणि अपडेट. अँटिव्हायरस म्हटलं की आपल्याला पुण्याची क्विक हील आठवते, काटकर बंधूंनी कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून सुरू केलेला प्रवास. पण अँटिव्हायरसपेक्षा जास्त दुर्लक्ष अपडेटकडे होतं. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या फाइल देवाणघेवाणीच्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे ला त्याच भोकातून वॉनाक्राय जगभर पसरलं. २७ जून ला नॉटपेट्या आलं, आणि ते आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचलं. मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. साडेतीन महिने आधी दुरुस्ती उपलब्ध होती. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: नॉटपेट्या फक्त त्या भोकावर अवलंबून नव्हतं. एका मशीनच्या स्मृतीतून ते पासवर्ड उचलायचं आणि त्या पासवर्डने अपडेट केलेल्या मशीनवरही जायचं. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, सगळ्या मशीनला एकच ॲडमिन पासवर्ड आणि मधे बांध नाही.

त्याच मर्स्कची दुसरी गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला पटकन कळेल. त्यांच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे याची वही ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहे, अशी कल्पना. हल्ल्यात सगळे एकदम पुसले गेले. वाचला एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का? तिथे त्या वेळी वीज गेली होती. लाइट गेल्यामुळे तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. एटापल्लीत किंवा कोरचीत लाइट गेली की आपण महावितरणच्या नावाने बोटं मोडतो. पण यातला मुद्दा घ्या: वाचली ती जोडलेली नसलेली प्रत. म्हणून बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवू नका. प्रत घ्या, वायर काढा, कपाटात ठेवा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातून एखादी फाइल परत काढून बघा. उघडत नसेल तर तो बॅकअप नाही.

वीज निघालीच आहे तर सुरक्षेचा तिसरा पाय सांगतो. गोपनीयता, माहितीचा अचूकपणा आणि उपलब्धता, असे तीन पाय असतात. आपल्याकडे तिसरा पाय सगळ्यात लंगडा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. वीज कडाडली की राउटर जळतो. त्यासाठी यूपीएस आणि चांगलं अर्थिंग हीसुद्धा नेटवर्क सुरक्षेची साधनं आहेत, त्यांना कमी लेखू नका.

आणि इथे एक बारीक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेली नसते. फायबर तुटली की आपण काय करतो? मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. बाहेर ज्येष्ठ माणसं रांगेत उभी आहेत, कुणाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, कुणाचं पेन्शन, काम थांबवून कसं चालेल? बरोबरच आहे. पण त्या क्षणी तुमचा कॉम्प्युटर फायरवॉलच्या बाहेर आहे. फाटक, यादी, मचाण सगळं मागे राहिलं आणि तुम्ही पायवाटेने जंगलात. म्हणून कॉम्प्युटरची स्वतःची फायरवॉल नेहमी चालू हवी, आणि हॉटस्पॉटला जोडताना विंडोज विचारतं तेव्हा 'पब्लिक' नेटवर्क निवडायचं. शक्य असेल तर सिमकार्ड घालता येणारा राउटर घ्या, म्हणजे पर्यायी वाटसुद्धा फाटकातूनच जाईल.

सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढं आम्ही कधी करणार? क्रम सांगतो. या आठवड्यात, फुकटात: राउटर आणि डीव्हीआरचे पासवर्ड, बाहेर उघड्या खिडक्या बंद, गेस्ट वायफाय, सगळी अपडेट, घड्याळं. राउटरमध्ये नाव विचारायचा पत्ता ९.९.९.९ टाका. क्वाड-नाइन नावाची ही मोफत सेवा आहे, ओळखीच्या घातक साइटचा पत्ता ती सांगतच नाही. पुढच्या महिन्यात, थोड्या खर्चात: बॅकअपची डिस्क, यूपीएस, आणि बाहेरून काम होत असेल तर व्हीपीएन. वर्षभरात, पतसंस्था किंवा दवाखाना असेल तर: मॅनेज्ड स्विच, फायरवॉलचं यंत्र, आणि लॉग साठवणारी एक वेगळी जागा.

आता पुन्हा त्या बातमीतल्या ग्राहकांकडे बघा. त्यांचे पैसे जिथे जायचे तिथे गेले नाहीत हे कळलं कसं? ज्याला मिळायचे होते त्याने सांगितलं, अजून आले नाहीत. म्हणजे तंत्र कितीही असो, दुसऱ्या टोकाच्या माणसाला विचारणं ही तपासणी उरतेच. तुमच्या पतसंस्थेत मोठी रक्कम पाठवताना एकाने भरायचं आणि दुसऱ्याने वेगळ्या मशीनवरून, वेगळ्या पासवर्डने, खातेक्रमांकाचा आकडा न् आकडा वाचून मंजूर करायचं. नाव बरोबर दिसतंय म्हणून मंजुरी द्यायची नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात ग्रामसभेच्या खात्यातून मजुरांना पैसे जातात. तिथे एक आकडा बदलला तर कुणाच्या तरी उन्हातान्हातल्या महिन्याभराच्या तोडणीचे पैसे जातात.

आणि पैसे गेल्याचं लक्षात आलंच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला लेखी कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ज्या कॉम्प्युटरवर शंका आहे त्याची नेटवर्कची वायर काढा, पण फॉरमॅट मारू नका. नोंदी त्यातच असतात.

पुढच्या भागात राउटरची पानं एकेक उघडून सेटिंग कुठे असते ते बघू. तोवर तुमच्या डब्याचा नमुना क्रमांक, तो खालच्या बाजूला चिकटवलेला असतो, लिहून ठेवा आणि तुमचे प्रश्न पाठवा. पासवर्ड मात्र पाठवू नका, मलाही नाही. भेटू या.